गेटवरचे ९ तास ५० मिनिटं

नोव्हेंबर २०२४. गुरुवारी पहाटे ४ वाजून ४१ मिनिटांनी, खेड-शिवापूरचा टोलनाका मागे टाकून कात्रजच्या नव्या बोगद्याकडे चढणाऱ्या एका बारा चाकी गाडीचं पुढचं उजवं चाक दुभाजकावर चढलं. चढ असल्यामुळे वेग पस्तीसच्या आतच होता. बंपर गेला, रेडिएटर फुटला, ड्रायव्हरच्या बरगडीला मुका मार लागला. दुसऱ्या कुणालाही काही झालं नाही. हेच बोगद्याच्या पलीकडे, नवले पुलाकडे उतरणाऱ्या रस्त्यावर झालं असतं तर काय, हे पुण्यातल्या माणसाला सांगायला नको. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये त्याच उतारावर एका गाडीने चाळीसहून जास्त वाहनं चेपली होती.

अपघात किरकोळ, पण त्यानंतर जो कागद समोर आला त्याच्यासाठी हे प्रकरण लिहून ठेवतेय. विम्याच्या सर्व्हेअरने नेहमीच्या कागदांबरोबर ड्रायव्हरच्या आधीच्या चोवीस तासांची नोंद मागितली. मालकांनी ड्रायव्हरांचे कामाचे तास नोंदवणाऱ्या अ‍ॅपमधून ती काढून दिली आणि ती अगदी स्वच्छ निघाली. नोंदीप्रमाणे ड्रायव्हर जवळजवळ दहा तास झोपून, ताजातवाना होऊन चाकावर बसला होता.

आधी माणसं सांगते. चाकणजवळची वाहतूक कंपनी, १४ गाड्या, १७ ड्रायव्हर. चाकणहून गाड्यांचे सुटे भाग तमिळनाडूतल्या होसूरला न्यायचे, येताना मिळेल तो माल भरून आणायचा. मालकांना सगळे शेठ म्हणतात. ऑफिस त्यांची सून चालवते, बिल्ट्या म्हणजे मालाच्या पावत्या, ई-वे बिलं म्हणजे मालासोबतचे जीएसटीचे कागद, फास्टॅगचे रिचार्ज, ड्रायव्हरांच्या उचली, सगळं. तिला सगळे वहिनी म्हणतात, शेठसुद्धा कधीकधी चुकून. अपघात झाला ते ड्रायव्हर पन्नाशीचे, आष्टीकडचे, ताफ्यात सगळ्यांचे मामा. आणि मी. खराडीच्या एका ऑफिसात चार वर्षं रात्रपाळीला बसून अमेरिकन ट्रक ड्रायव्हरांच्या नोंदी तपासल्या. आता चाकण, भोसरी, रांजणगाव भागातल्या छोट्या ट्रान्सपोर्टवाल्यांना त्यांच्या नोंदींची घडी बसवून देते. या कंपनीत अ‍ॅप सुरू करून देणारी मीच. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढे ते लागणार आहे.

अ‍ॅप घेतलं ते सरकारच्या सांगण्यावरून नाही. आपल्याकडे ट्रकला ड्रायव्हरचे तास नोंदवणारं यंत्र लावायची सक्ती नाही. २०२१ मध्ये नितीन गडकरींनी वैमानिकांसारखे ट्रक ड्रायव्हरांचेही गाडी चालवायचे तास ठरायला हवेत, असं म्हटलं होतं, तेवढी बातमी झाली. इथे सक्ती आली ती गिऱ्हाइकाकडून. चाकणच्या मोठ्या कारखान्याने नव्या कंत्राटात ‘चालकांच्या कामाच्या तासांची डिजिटल नोंद’ अशी एक ओळ घातली आणि शेठनी महिन्याला गाडीमागे काही रुपये घेणारं एक देशी अ‍ॅप घेतलं. ड्रायव्हरच्या स्वतःच्या फोनवर चालणारं. चार बटणं: चालू, इतर काम, विश्रांती, सुट्टी.

आता ती नोंद. सर्व्हेअरला दिलेल्या पानावर बुधवार असा होता:

०६.१० ते ०९.२५ चालू
०९.२५ ते १०.०० विश्रांती
१०.०० ते १३.३० चालू
१३.३० ते २३.२० विश्रांती
२३.२० ते ०४.४१ चालू

वरवर कायद्याशी ताडून पाहिलं तर यात एकच खोट दिसते. त्या वेळी लागू असलेल्या १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात दिवसाचे आठ तास, आठवड्याचे ४८, सलग पाच तासांनंतर निदान अर्धा तास विसावा आणि एका दिवसाचं काम संपून दुसरं सुरू होण्याआधी सलग नऊ तास विश्रांती, असं गणित होतं. लांब पल्ल्याला मंजुरी घेऊन दहा तासांपर्यंत जाता यायचं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ९१ ड्रायव्हरच्या तासांसाठी याच कायद्याकडे बोट दाखवतं. मामांचे दुपारपर्यंतचे पावणेसात तास बसतात. मग ९ तास ५० मिनिटं विश्रांती, म्हणजे नोंदीच्या लेखी नवा दिवस सुरू. रात्रीचे पाच तास एकवीस मिनिटं, तेवढी एकवीस मिनिटं जास्त. ४ वाजून २० मिनिटांनी अ‍ॅपने बीप वाजवून ‘५ तास झाले, कृपया विश्रांती घ्या’ असा मेसेजही टाकला होता. मामा म्हणाले, “बोगद्याच्या आधी बारा चाकी लावायला जागा कुठंय, ताई? म्हटलं बोगदा काढू आणि लावू.”

शुक्रवारी मी वाकडच्या दवाखान्यात त्यांना भेटायला गेले तेव्हा मोबाइलवर ते पान दाखवलं. त्यांनी चष्मा लावला, बोटाने १३.३० ची ओळ धरली आणि म्हणाले, “हे कोण झोपलं होतं?”

ते १३.३० ला होते कोल्हापूरच्या अलीकडे, गोकुळ शिरगाव एमआयडीसीत, एका कारखान्याच्या गेटबाहेर. होसूरहून भरलेल्या मालातले तीन पॅलेट तिथे उतरवायचे होते, बाकीचा माल चाकणचा. गेटवर अकरावा नंबर. तिथली पद्धत अशी की, नंबर भोंग्यावर पुकारतात आणि ड्रायव्हर गाडीत नसला तर गाडी शेवटी जाते. पुढची गाडी आत गेली की मागच्यांनी वीस-तीस मीटर पुढे सरकायचं. म्हणजे झोपायचं तर कानाने जागं राहून.

गाडीत अ‍ॅपशिवाय एक वेगळं जीपीएस यंत्रही होतं, दुसऱ्याच कंपनीचं, डिझेलची चोरी पकडायला बसवलेलं. त्याच्या कच्च्या नोंदी मी मागवल्या. कच्च्या म्हणजे नकाशावरची गोंडस रेघ नव्हे, प्रत्येक मिनिटाची ओळ: वेळ, अक्षांश, रेखांश, वेग, इग्निशन. १५.०५ ला इग्निशन चालू, गाडी तीसेक मीटर सरकली, बंद. १६.२०, १७.४०, १८.५०, १९.५५, २०.४५, २१.३०, तसंच. सात वेळा. वेग एकदाही ताशी ८ किलोमीटरच्या वर गेला नाही आणि अ‍ॅप त्याखालच्या हालचालीला हालचाल म्हणतच नाही. सगळ्यात मोठी सलग सवड १ तास ३५ मिनिटं, तीही भर दुपारी, तापलेल्या केबिनमध्ये. (नव्या ट्रकांना एसी केबिनची सक्ती आली ती २०२५ मध्ये. मामांची गाडी आठ वर्षं जुनी.) २१.४० ला गाडी खाली करायला सुरुवात झाली. मामांनीच ताडपत्री सोडली, मामांनीच पुन्हा आवळली, कारण हमाल फक्त माल उचलतो. पोच-पावतीचा फोटो वहिनींच्या व्हॉट्सअ‍ॅपवर आला २२.५५ ला. गेट-पासवर बाहेर पडल्याची वेळ २३.१६. त्या दहा तासांत ऑफिसमधून चार फोन गेले होते, चारही एकाच प्रश्नाचे: नंबर लागला का?

मंगळवारी रात्री ते हावेरीजवळच्या पंपावर सव्वाचार तास झोपले होते. त्यानंतर अपघातापर्यंतच्या साडेबावीस तासांत त्यांच्या स्वतःच्या अंदाजाने डोळा लागला तो चाळीस मिनिटं, तुकड्यातुकड्याने.

हे सगळं अ‍ॅपला कळलं नाही असं म्हणणं सोपं आहे. पण अ‍ॅपने न कळलेल्या गोष्टीला एक नाव दिलं, आणि ते नाव ‘विश्रांती’ होतं. खरी गफलत इथे आहे.

खराडीच्या दिवसांची थोडी गोष्ट इथे सांगावी लागते. अमेरिकेत ड्रायव्हरच्या नोंदीचं इलेक्ट्रॉनिक यंत्र बहुतेक लांब पल्ल्याच्या ट्रकांना सक्तीचं आहे. त्याचा कायदा २०१२ चा, नियम २०१५ चा, अंमल १८ डिसेंबर २०१७ पासून. यंत्र इंजिनाला जोडलेलं असतं, त्यामुळे चाक फिरलं की ‘चालू’ आपोआप लागतं. तास आपल्यापेक्षा सैल आहेत: दहा तास सलग सुटीनंतर अकरा तास चालवायला मुभा, पण कामाला लागल्यापासून चौदा तासांची खिडकी, आणि मधे गेटवर उभं राहिलात म्हणून ती खिडकी लांबत नाही. आम्ही रात्री साडेआठ-नऊला कॅब धरायचो, तिकडे सकाळ व्हायची आणि पाच-सहाशे ड्रायव्हरांच्या चार ओळींच्या तक्त्यांवर आमची नजर सुरू व्हायची. चार ओळी: सुटी, झोपायची बर्थ, चालू, आणि कामावर पण गाडी चालवत नाही. या शेवटच्या ओळीवरून जेवढी भांडणं व्हायची तेवढी बाकी तिन्ही मिळून नाहीत.

तिथल्या नियमात एक बारीकशी तरतूद आहे, जी मी चार वर्षं रोज पाहिली आणि पुण्यात अ‍ॅप बसवताना विसरले. ‘चालू’ असताना गाडी सलग पाच मिनिटं थांबली की यंत्र ड्रायव्हरला विचारतं, अजून चालूच का? ड्रायव्हरने एका मिनिटात उत्तर दिलं नाही तर यंत्र आपण होऊन नोंद बदलतं, आणि बदलतं ते ‘कामावर, चालवत नाही’ या ओळीत. सुटीच्या ओळीत नाही. विश्रांती हवी असेल तर माणसाने स्वतः तसं सांगायचं. गप्प माणूस कामावरच धरायचा.

आमच्या देशी अ‍ॅपमध्ये उलटं होतं. पंधरा मिनिटं गाडी हलली नाही आणि कुणी बटण दाबलं नाही तर थांबल्या क्षणापासून ‘विश्रांती’. सेटिंगच्या तिसऱ्या पानावर ते स्पष्ट लिहिलेलं होतं. मार्चमध्ये मीच ते पान उघडलं होतं, वाचलं होतं आणि ‘पुढे’ दाबलं होतं. सतरा ड्रायव्हरांना बटणं शिकवायची घाई होती. ही चूक अ‍ॅपवाल्यांची जितकी, तितकीच माझी.

अ‍ॅपवाल्यांना फोन केला तर पलीकडच्या मुलाकडे उत्तर तयार होतं. “मॅडम, आपल्या कायद्यातच पंधरा मिनिटं आहेत.” मी चिडले, मग कायदा काढला, तर खरंच आहेत. १९६१ च्या कायद्यात ‘कामाचे तास’ म्हणजे काय याची व्याख्या आहे: कामगार मालकाच्या, किंवा त्याच्या सेवेवर हक्क असलेल्या दुसऱ्या कुणाच्या, दिमतीला असतो तो वेळ. त्यात गाडी चालण्याचा वेळ धरायचा, जोडकामाचा, म्हणजे गाडी चालत नसताना गाडीच्या आणि मालाच्या संबंधात केलेल्या कामाचा, वेळ धरायचा आणि टर्मिनलवर नुसतं हजर राहण्याचा १५ मिनिटांपेक्षा कमी वेळही धरायचा. प्रोग्राम लिहिणाऱ्याने शेवटचा तुकडा उचलला आणि उलटा वाचला: पंधरा मिनिटांच्या वर गेलं की ते काम नाही, म्हणजे विश्रांती.

या वाचनाला थोडा आधार मिळतोही. मोटार वाहन कायद्याच्या त्याच कलम ९१ मध्ये राज्य सरकारला एक अधिकार दिलाय: ड्रायव्हर काम करत नसेल पण गाडीत किंवा गाडीजवळ थांबणं त्याला भाग असेल, तर तो वेळ कोणत्या परिस्थितीत विसावा मानायचा हे ठरवण्याचा. म्हणजे गेटवरचा वेळ अधांतरी लोंबकळतो, हे कायदा करणाऱ्यांनाही माहीत होतं. पण नुसतं हजर राहणं म्हणजे काय, हेही १९६१ चा कायदा सांगतो: हाक आली तर ओ द्यायला किंवा ठरल्या वेळी पुन्हा कामाला लागायला, तेवढ्यासाठीच आपल्या जागेवर थांबणं. मामांनी सात वेळा गाडी सरकवली, ताडपत्री सोडली, बांधली, कागद दाखवले, माल मोजून घेतला. हे नुसतं हजर राहणं नव्हे, जोडकाम आहे. शिवाय तो मुलगा जिथून उडी मारत होता त्या वाक्याची सुरुवातच ‘दिमतीला असतो तो वेळ’ अशी आहे. भोंग्यावर नंबर पुकारेल म्हणून जो माणूस चहाच्या टपरीपर्यंत जाऊ शकत नाही, तो दिमतीला नाही तर कुठे आहे? आणि काहीही म्हटलं तरी काम नसलेला वेळ आणि सलग नऊ तासांची विश्रांती या दोन गोष्टी एक होत नाहीत. हिशेबाला दोनच कप्पे असले की असलं होतं.

(पुढे २१ नोव्हेंबर २०२५ पासून १९६१ च्या कायद्याची जागा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने घेतली. पंधरा मिनिटांचं ते वाक्य मात्र तिथेही जसंच्या तसं जाऊन बसलंय.)

सोमवारी शेठच्या केबिनमध्ये बसलो. शेठ, वहिनी, मी. टेबलावर तीन कागद: अ‍ॅपची नोंद, जीपीएसच्या ओळी, गेट-पासची झेरॉक्स. अ‍ॅपची नोंद सर्व्हेअरला आधीच गेलेली.

शेठ सरळ माणूस आहेत, पण व्यवहारी. म्हणाले, “अ‍ॅप म्हणतंय विश्रांती झाली. गिऱ्हाइकाला अ‍ॅपच हवं होतं ना? मग आपण कशाला उठून नाही म्हणायचं?”

प्रश्न चुकीचा नव्हता. खोटं काही लिहिलेलं नव्हतं. कुणी बटण दाबून फसवलं नव्हतं. मी तीन गोष्टी सांगितल्या. पहिली, हा कागद आपल्या एकट्याच्या हातात नाही. गेट-पासची दुसरी प्रत कारखान्याकडे, टोलच्या वेळा फास्टॅगच्या बँकेकडे, किणी ००.२०, तासवडे ०१.३५, आनेवाडी ०३.०५, खेड-शिवापूर ०४.३३, आणि जीपीएस तिसऱ्याकडे. कुणीही हे शेजारी शेजारी ठेवलं की दहा तासांची झोप उडाली. दुसरी, आज रेडिएटर गेलाय. उद्या माणूस गेला तर नोंद न्यायालयात जाईल, आणि तिथे मोबाइलचा स्क्रीनशॉट चालत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक नोंदीबरोबर प्रमाणपत्र द्यावं लागतं, ही नोंद कशातून निघाली, कुणाच्या ताब्यात होती, तिची हॅश किंमत, म्हणजे नोंदीत फेरफार झाला नाही हे ताडायचा आकडा, काय. त्यावर सही कोण करणार? वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. सही त्यांचीच असणार होती.

तिसरी गोष्ट मी जाताजाता म्हटली, पण शेठनी मान वर केली ती त्याच्यावर. “गेटवरचे दहा तास आपणच विश्रांती म्हणून लिहितो. मग त्याच दहा तासांचं हॉल्टिंग कुठल्या तोंडाने मागायचं?”

हॉल्टिंगचं, म्हणजे गाडी जास्त वेळ अडकवून ठेवली तर त्याच्या भरपाईचं, कलम करारात होतं. त्याचं बिल कधी केलं नव्हतं, कारण पुरावा नव्हता. पुरावा होता तो ‘विश्रांती’ या नावाखाली गाडला जात होता.

मग वहिनींनी आपण होऊन एक सांगितलं. मंगळवारी होसूरच्या नोंदीत दोन बदल त्यांनी केले होते. मामा बटण दाबायला विसरले, फोनवर वेळ सांगितली, वहिनींनी ऑफिसच्या लॉगिनवरून ती भरली. चांगल्या मनाने. पण पानावर त्याचा मागमूस नाही, जुनी वेळ गायब, नवी तिच्या जागी. आणि ऑफिसच्या लॉगिनची गरज तरी काय होती म्हणा, सतराच्या सतरा ड्रायव्हरांचा पिन १२३४. मामांच्या गाडीत तो सनशेडवर बॉलपेनाने लिहिलेला आहे, क्लीनरच्या सोयीसाठी.

खराडीत याचंच भ्रष्ट रूप मी पाहिलंय. तिकडे नियम असा की, ऑफिसने बदल सुचवायचा, ड्रायव्हरने तो मान्य करून पुन्हा सही करायची, कारण लिहायचं, मूळ नोंद तशीच राहायची, आणि यंत्राने आपोआप धरलेला चालवण्याचा वेळ कमी करता येत नाही. तरी पहाटे तीनला फोन यायचे: जरा साफ करून द्या. काही जण करून द्यायचे. यंत्र बनवणारे तिकडे तेव्हा स्वतःच स्वतःला नियमांत बसणारे म्हणून जाहीर करायचे आणि सरकारी यादीत नाव लावायचे. मग एखादं नाव यादीतून उडायचं आणि त्याच्या ड्रायव्हरांना कागदावर यावं लागायचं, साठ दिवसांत दुसरं यंत्र बसेपर्यंत. मी ते काम सोडलं त्याची कारणं बरीच होती, त्यातलं एक हे.

शेठनी दोन दिवस घेतले. मग सर्व्हेअरला एक पानी पत्र गेलं. मजकूर वहिनींचा, मी फक्त दोन शब्द बदलले. अ‍ॅपमध्ये ‘विश्रांती’ याचा अर्थ गाडी १५ मिनिटांहून अधिक थांबली इतकाच आहे. सदर कालावधीत चालक गेटवर रांगेत होता. सोबत जीपीएसच्या नोंदी आणि गेट-पास. आम्ही सगळे श्वास रोखून बसलो होतो. सर्व्हेअरने पत्र फायलीला लावलं आणि विचारलं, वजनकाट्याची पावती कुठे आहे? त्याला लायसन, फिटनेस, परमिट आणि मालाचं वजन यात रस होता. क्लेम यथावकाश, नेहमीची कापाकापी होऊन मिळाला. चोवीस तासांची नोंद त्याच्या छापील यादीत होती म्हणून मागितली होती, एवढंच.

ती न वाचली जाणारी नोंद मात्र आमच्याकडे बरंच काही बदलून गेली.

पहिल्यांदा ते सेटिंग. अ‍ॅपवाल्यांनी पाचव्या बटणासाठी महिनाभर टंगळमंगळ केली, मग दिलं: ‘थांबा’. गाडी उभी राहिली आणि कुणी काही बोललं नाही तर ‘थांबा’ लागतो आणि तो कामात मोजला जातो. विश्रांती हवी तर ड्रायव्हरने स्वतः दाबायची, आणि दाबल्यावर इग्निशन सुरू झालं की ती तिथेच तुटते, गाडी दहा मीटर का सरकेना. बदल आता पुसले जात नाहीत. जुनी वेळ खोडलेल्या अक्षरांत खाली दिसते, बाजूला कारण आणि ड्रायव्हरचा अंगठा. पिन ज्याचा त्याचा. फोन बंद पडला, बॅटरी सेव्हरने जीपीएस मारलं, तर गाडीत लाल पुठ्ठ्याची दोनशे पानी वही. अमेरिकेत यंत्र बिघडलं की ड्रायव्हरने चोवीस तासांत लेखी कळवायचं आणि दुरुस्त होईपर्यंत कागदावर लिहायचं, त्यासाठी आठ दिवस पुरतील इतके कोरे तक्ते गाडीत ठेवायचे. आम्ही आठ दिवसांचा हिशेब केला नाही, अख्खी वहीच दिली. तिकडे नोंदी सहा महिने जपतात, आम्ही तीन वर्षं ठरवलं. साठवायला काय लागतंय.

पहिले तीन आठवडे मात्र हाहाकार. ड्रायव्हर ढाब्यावर मस्त सहा तास झोपायचे, बटण दाबायला विसरायचे आणि नोंदीत वीस-वीस तास काम. चाकणच्या गिऱ्हाइकाकडून लालभडक ईमेल आला की, तुमचे सगळे चालक नियमबाह्य. वहिनी वैतागून म्हणाल्या, आधीचंच बरं होतं, निदान शांतता होती. मी त्यांना म्हटलं, आधी चूक लपायची, आता चूक ओरडतेय, ओरडणारी परवडते. बोलायला सोपं. तो ईमेल निस्तरायला त्यांना चार दिवस लागले, मला नाही.

खरं अवघड होतं ते पैशांचं. ड्रायव्हरांना पगार कमी, ट्रिपवर भत्ता जास्त आणि ४८ तासांत होसूर-चाकण केलं तर वर बक्षीस. बक्षीस ठेवून तासांची खरी नोंद मागणं म्हणजे एका हाताने चाबूक मारायचा आणि दुसऱ्याने लगाम ओढायचा. शेठनी बक्षीस काढलं, ‘थांबा’च्या तासांना चार तासांनंतर ताशी भत्ता सुरू केला. एक तरुण ड्रायव्हर तरी गेलाच, म्हणाला, फेरे कमी होतात, मला हप्ते आहेत. त्याचं चूक होतं असं मी म्हणणार नाही. ई-वे बिलाच्या मुदतीची घाई तर मुळात बहाणाच होती. दिवसाला २०० किलोमीटरचा हिशेब, म्हणजे नऊशे किलोमीटरला पाच दिवस मिळतात. पळवत होतं ते बक्षीस.

मामा जानेवारीत परत चाकावर बसले. बटणं त्यांना सगळ्यात आधी जमली, आणि ‘थांबा’चा ताशी भत्ता कळल्यावर तर फारच. एकदा ढाब्यावर जेवताना ‘थांबा’ चालू राहिला होता, तो वहिनींनी बदलायला सुचवला, मामांनी नाराजीने अंगठा दिला. कारणाच्या रकान्यात लिहिलंय: जेवत होतो.

गोकुळ शिरगावच्या त्या कारखान्याला फेब्रुवारीत पहिलं हॉल्टिंगचं बिल गेलं. महिन्याभराने उत्तर आलं की, तुमच्या अ‍ॅपची नोंद एकतर्फी आहे, आमच्या गेटची सही आणा. गेटवरचा वॉचमन सही करत नाही, त्याला तसा हुकूम नाही. म्हणून मामा आता नंबर घेतला की आधी वॉचमनच्या केबिनीवरच्या गोल घड्याळाचा फोटो काढतात, गाडीची नंबर प्लेट खालच्या कोपऱ्यात येईल असा, आणि बाहेर पडताना दुसरा. फोटो नोंदीला चिकटतो. ते घड्याळ दहा मिनिटं मागे आहे. दर वेळी वहिनींना शेरा लिहावा लागतो.